गारठलेली बोटे आणि तापती मूठ
थंडीत मोटारसायकल चालवणाऱ्यांच्या हातांचे शास्त्र

थंडीच्या दिवसांत पहाटे दुचाकीवरून निघणाऱ्याच्या अंगावर जाड जाकीट असते, डोक्यावर हेल्मेट असते, गळ्याला मफलर असतो. तरीही दहा-पंधरा किलोमीटर अंतर कापले की हाताची बोटे आधी दुखू लागतात, मग त्यांना मुंग्या येतात आणि शेवटी ती असून नसल्यासारखी होतात. हा केवळ सोसण्याचा प्रश्न असता, तर त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु मोटारसायकलचा पुढचा ब्रेक, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर, दिवे आणि भोंगा या साऱ्यांचा ताबा याच दहा बोटांकडे असतो. थांबण्याच्या वेळी बहुतांश भार पुढच्या चाकावर येत असल्याने वेग आवरण्याचे मुख्य काम उजव्या हाताची दोन-तीन बोटेच करतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे पावणेसतरा मीटर पुढे जाते. गारठलेल्या बोटांनी लिव्हर दाबायला अर्धा सेकंद उशीर केला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी आठ मीटरहून अधिक अंतर पुढे गेलेली असते. म्हणजे जवळजवळ दोन मोटारींच्या लांबीइतके.

म्हणूनच थंड हवामानाच्या देशांत मोटारसायकलच्या मुठी विजेने तापवण्याची सोय गेली कित्येक वर्षे रूढ आहे. ‘हीटेड ग्रिप’ या नावाने ती आता भारतातही परिचित होत आहे. लडाखची वाट धरणारे पुण्या-मुंबईचे दुचाकीस्वार तिची चौकशी करतात आणि पर्यटनासाठी बनवलेल्या महागड्या मोटारसायकलींवर ती कारखान्यातूनच बसवून येते. मात्र ही सोय काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याची नीट कल्पना नसेल तर पैसे खर्चूनही बोटे गारच राहतात.

पारा आणि वारा

थंडीचा खरा मारा हवेच्या तापमानापेक्षा वाऱ्याचा असतो. त्वचेला लागून हवेचा एक पातळ, उबदार थर कायम असतो. वारा हा थर उडवून लावतो आणि शरीराची उष्णता वेगाने बाहेर जाते. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेले पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल या अमेरिकी संशोधकांनी १९४१ साली पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या नळकांड्यावर याचे प्रयोग केले. वेगवेगळ्या वाऱ्यात ते पाणी गोठण्यास किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजले. ‘विंड चिल’, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी, या कल्पनेचा पाया तिथे घातला गेला. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ साली सुधारलेले सूत्र स्वीकारले.

या सूत्रानुसार हवेचे तापमान १० अंश सेल्सिअस असताना ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला साधारण ५ अंशांची थंडी जाणवते. पारा ५ अंशांवर असेल तर तीच थंडी उणे २ अंशांइतकी आणि शून्यावर असेल तर उणे ९ अंशांइतकी भासते. दुचाकीस्वाराला हा वारा निसर्गाकडून मिळण्याची गरज नसते. तो स्वतःच्या वेगाने तो निर्माण करतो. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा पहाटे दूध किंवा वृत्तपत्रे घेऊन निघालेल्या दुचाकीस्वाराच्या बोटांना जे भोगावे लागते, ते प्रत्यक्षात शून्याखालच्या थंडीचे असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वारा कोणत्याही वस्तूला हवेपेक्षा अधिक थंड करू शकत नाही. हवा ५ अंशांवर असेल तर बोट कितीही वाऱ्यात राहिले तरी ५ अंशांच्या खाली जाणार नाही, त्यामुळे ते गोठणार नाही. वारा फक्त तिथवर पोहोचण्याचा वेळ कमी करतो. बोटे बधिर होण्यास मात्र तेवढेही पुरेसे असते.

शरीर हातांना वाऱ्यावर का सोडते?

हाताच्या बोटांची रचनाच थंडीला अनुकूल नाही. त्यांत स्नायू जवळजवळ नाहीत. बोटे हलवणारे बरेचसे स्नायू कोपर आणि मनगटाच्या दरम्यान असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी ते बोटे ओढतात. त्यामुळे बोटांत स्वतःची उष्णता फार कमी तयार होते. आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मात्र मोठा असतो. बोटांना ऊब मिळते ती रक्ताबरोबर आणि थंडी वाढली की शरीर नेमका हाच पुरवठा आखडता घेते. हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांना उबदार ठेवण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. घरात धान्य अपुरे पडू लागले की कर्ता माणूस आधी बाहेरची उधारी बंद करतो, तसाच हा प्रकार आहे.

यात शरीर अधूनमधून थोडी सवलतही देते. अतिथंड पाण्यात बुडवलेल्या बोटांतील रक्तप्रवाह काही मिनिटांनी तात्पुरता वाढतो आणि पुन्हा घटतो, असे ब्रिटिश वैद्यक सर टॉमस लुईस यांनी १९३० साली दाखवून दिले. परंतु संपूर्ण शरीरच गारठलेले असेल तर ही सवलत क्षीण होते.

बोटांच्या त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांच्या आसपास उतरले की हातांचे कौशल्य झपाट्याने घटू लागते. मज्जातंतूंतून जाणारे संदेश मंदावतात, सांधे ताठरतात, पकडीचा जोर कमी होतो. आणखी खाली स्पर्शाची जाणीवच हरपते. लिव्हरवर बोट आहे की नाही, ब्रेक हलका दाबला की जोरात, हे चालकाला कळेनासे होते. ओल्या किंवा निसरड्या रस्त्यावर चाक घसरायला एवढे कारण पुरे.

इंजिनाची थरथर यात भर घालते. थंडी आणि सततचे कंपन एकत्र आले की बोटांच्या रक्तवाहिन्या अधिक आकसतात. काही व्यक्तींची बोटे थोड्याशा गारव्यानेही पांढरीफटक पडतात. फ्रेंच वैद्यक मॉरिस रेनॉ यांनी १८६२ साली वर्णन केलेला हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि तो स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. धूम्रपानानेही रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे थंडीत वाटेवर थांबून ओढलेली सिगारेट हातांना ऊब देण्याऐवजी ती काढून घेते.

वैमानिकांपासून मोटारसायकलपर्यंत

विजेच्या उबेचा इतिहास सुरू होतो तो निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूपासून. अमेरिकी धातुतज्ज्ञ अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली या ‘नायक्रोम’चे पेटंट मिळाले. लालभडक तापूनही न जळणारी ही तार विजेच्या शेगडीपासून इस्त्रीपर्यंत सर्वत्र वापरली गेली. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानांतून उंचावर जाणाऱ्या वैमानिकांसाठी विजेने तापणारे कपडे तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात युरोपवर बॉम्बफेक करणाऱ्या अमेरिकी विमानांतील तोफचींना हिमदंशाने मोठ्या संख्येने जायबंदी केले. त्यांच्या पोशाखाबरोबर मोजे आणि हातमोजेही विजेवर तापवले जात.

मोटारसायकलवर ही सोय रुळायला वेळ लागला. जुन्या गाड्यांची वीजनिर्मिती जेमतेम दिव्यापुरती होती. तोवर जाड चामड्याचे, कोपराकडे चढणारे हातमोजे हाच आधार होता. थंडीतही मोटारसायकल न सोडणाऱ्यांची परंपरा मात्र त्याआधीची आहे. जर्मनीत १९५६ साली मोजक्या चालकांनी भर हिवाळ्यात भरवलेला ‘एलेफान्टेनट्रेफेन’, म्हणजे हत्तींचा मेळा, पुढे जगप्रसिद्ध झाला. ‘हिरवा हत्ती’ हे त्झुंडाप कंपनीच्या एका दणकट मोटारसायकलचे टोपणनाव होते आणि मेळ्याचे नाव त्यावरूनच आले. १९८९पासून तो बव्हेरियाच्या जंगलात बर्फात तंबू ठोकून भरतो. १९८०च्या दशकात बीएमडब्ल्यूसारख्या जर्मन कंपनीने तापत्या मुठी आपल्या गाड्यांसाठी देऊ केल्या, त्या अशाच ग्राहकांसाठी. पुढे ब्रिटनमधील ऑक्सफर्ड, तैवानमधील कोसो यांसारख्या कंपन्यांनी कोणत्याही गाडीवर बसवता येतील असे संच बाजारात आणले.

मूठ तापते कशी?

रबरी मुठीच्या आत एक पातळ तार किंवा कागदासारखी धातूची पट्टी गुंडाळलेली असते. तिच्यातून वीज गेली की ती तापते. दोन्ही मुठी मिळून साधारण ३० ते ५० वॉट वीज लागते, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून तीन ते चार अँपियर. साध्या संचात ‘कमी’ आणि ‘जास्त’ एवढेच पर्याय असतात. आधुनिक संचात इलेक्ट्रॉनिक नियंत्रक वीजप्रवाह सेकंदाला अनेकदा चालू-बंद करून उष्णतेच्या चार-पाच पातळ्या देतो.

यात एक बारकावा आहे. डावी मूठ थेट हँडलच्या धातूच्या नळीवर बसते, तर उजवी अ‍ॅक्सिलरेटरच्या प्लास्टिकच्या नळीवर. धातू उष्णता ओढून घेतो, प्लास्टिक ती अडवते. त्यामुळे सारखीच वीज दिली तर उजवी मूठ अधिक तापते आणि डावी कोमट राहते. चांगले उत्पादक दोन्ही बाजूंच्या तारांचा रोध वेगळा ठेवून हा फरक भरून काढतात. दोन्ही मुठी अदलाबदल करून बसवल्या तर तो फरक उलट वाढतो, म्हणून त्यांच्यावरील खुणा पाहणे महत्त्वाचे.

विजेचा हिशेब

मोटारसायकलमधील वीज इंजिनाला जोडलेल्या जनित्रातून येते. बॅटरी ही फक्त साठवण. जनित्राच्या एकूण क्षमतेतून दिवा, प्रज्वलन, इंधनाचा पंप आणि बॅटरीचे चार्जिंग यांची गरज वजा केली, तर उरते ती शिल्लक मुठींना देता येते. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत पेटताच राहतो. त्यामुळे जुन्या पद्धतीचा हॅलोजन दिवा असलेल्या छोट्या गाडीवर ही शिल्लक फार थोडी असते. एलईडी दिव्यांमुळे ती वाढते. शिवाय इंजिन मंद गतीने फिरत असताना जनित्र पूर्ण वीज देत नाही. वाहतूक कोंडीत मुठी पूर्ण तापवत उभे राहिले तर बॅटरी हळूहळू रिकामी होते.

इंजिन बंद करून मुठी सुरूच राहिल्या तर काय होते, याचा अंदाज सोपा आहे. ९ अँपियर-तासांची बॅटरी ३ अँपियरच्या भाराखाली कागदोपत्री तीन तास टिकते. पण स्टार्टर फिरवण्याइतका जोर तिच्यात त्याच्या कितीतरी आधीच उरत नाही. थंडीत बॅटरीची ताकद मुळातच घटलेली असते. निर्जन घाटात चहासाठी थांबलेल्या चालकावर गाडी ढकलण्याची वेळ येते ती अशी. म्हणून मुठींची जोडणी चावी बंद होताच तुटेल अशी, रिलेमार्फत करणे आणि वाटेत योग्य क्षमतेचा फ्यूज बसवणे अत्यावश्यक आहे. बॅटरीचा दाब घसरला की आपोआप बंद होणारे संचही मिळतात.

बसवताना सर्वाधिक काळजी उजव्या बाजूची घ्यावी लागते. ही मूठ फिरती असल्याने तिच्या वायरला पुरेशी ढील हवी. वायर अडकून अ‍ॅक्सिलरेटर उघडाच राहिला तर परिणाम गंभीर होतो. काम झाल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून, प्रत्येक ठिकाणी मूठ पिळून सोडावी. ती स्वतःहून झटकन मागे यायला हवी. मूठ चिकटवणारा पदार्थ पूर्ण वाळेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. मूळ वायरिंग कापल्यास कंपनीची हमी जाऊ शकते, हेही आधी विचारून घेतलेले बरे.

मूठ एकटी पुरत नाही

तापती मूठ तळहाताला आणि बोटांच्या आतल्या बाजूला ऊब देते. वारा आदळतो तो हाताच्या मागच्या बाजूवर. त्यामुळे एका बाजूने चटका आणि दुसऱ्या बाजूने गारठा, अशी विचित्र अवस्था अनेकांना अनुभवावी लागते. वारा अडवला नाही तर मुठीची उष्णता बोटांच्या टोकांपर्यंत टिकत नाही.

वारा अडवण्याचा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे हँडलवर चढवायची कापडी किंवा रेक्झिनची पिशवी. मूठ, लिव्हर आणि हात तिघेही तिच्या आत जातात. उत्तर भारतात हिवाळ्यात अशा पिशव्या लावलेल्या दुचाकी सर्रास दिसतात. त्या शोभिवंत नसतात, पण साध्या हातमोज्यांबरोबरही काम करतात. त्या आत दबून लिव्हर ओढत नाहीत ना आणि घाईच्या प्रसंगी हात सहज बाहेर येतो ना, एवढे तपासून घ्यावे. प्लास्टिकचे हँडगार्ड त्याहून कमी, पण उपयोगी संरक्षण देतात.

हातमोज्यांच्या निवडीतही विसंगती टाळावी लागते. तळव्याला जाड अस्तर असलेला हातमोजा तापत्या मुठीची ऊबच अडवतो. अशा मुठींसाठी तळवा पातळ आणि मागची बाजू जाड व वाराबंद असलेला हातमोजा योग्य ठरतो. तो घट्ट नसावा, कारण आवळलेल्या बोटांत रक्त फिरत नाही. आतून रेशमी किंवा लोकरी पातळ मोजा घातला तर घाम शोषला जातो. सुती मोजा ओला झाला की गारठा वाढवतो. वर्षातून एखाद्याच थंड सफरीसाठी मुठी बसवण्याची तयारी नसलेल्यांना बॅटरीवर तापणारे हातमोजे हा पर्याय आहे. मागच्या बाजूने ऊब देणे हा त्यांचा गुण, तर चार्जिंग संपणे हा दोष.

याहून महत्त्वाची गोष्ट हातांपासून दूर आहे. छाती आणि पोट उबदार असेल तरच शरीर बोटांकडे रक्त सोडते. जाकिटाच्या आत छातीवर वृत्तपत्राच्या चार घड्या ठेवण्याची जुनी युक्ती म्हणूनच आजही कामाची आहे. घाट उतरताना सायकल शर्यतींतले स्पर्धकही ती वापरत आले आहेत. मान आणि मनगट येथील फटी बंद केल्या तर बोटांनाही त्याचा लाभ मिळतो. तासाभराने थांबून, हात खांद्यापासून जोरात गोल फिरवले की रक्त बोटांच्या टोकांकडे जाते.

हिमालयाच्या वाटेवर

महाराष्ट्रातील बहुतेक चालकांची थंडीशी खरी गाठ पडते ती मनाली-लेह मार्गावर, तीही ऐन उन्हाळ्यात. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर, तर बारालाचा खिंड सुमारे ४,८९० मीटर. म्हणजे अठरा अंशांचा फरक. मनालीत २० अंश असतील तर खिंडीत दोन. त्यात ताशी ४० किलोमीटरचा वेग मिळवला की जाणवणारी थंडी उणे पाचच्या घरात जाते. ऑक्टोबर २०२०मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यामुळे रोहतांगचा चढ टळतो, पुढच्या खिंडी मात्र चुकत नाहीत. वितळलेल्या बर्फाचे ओढे रस्त्यावरून वाहतात, हातमोजे भिजतात आणि विरळ हवेत दमलेले शरीर ऊब राखण्यात कमी पडते. अशा वाटेवर कोरड्या हातमोज्यांचा दुसरा जोड हा तापत्या मुठींइतकाच मोलाचा असतो.

धोक्याच्या खुणा

बोटे दुखत आहेत तोवर धोका आटोक्यात असतो. दुखणे थांबून ती पांढरी किंवा मेणासारखी दिसू लागली की तात्काळ थांबावे. शून्याखालच्या हवेत ही हिमदंशाची सुरुवात असू शकते. अशी बोटे चोळू नयेत, बर्फाने तर मुळीच नाही. ती काखेत धरावीत. निवाऱ्यात पोहोचल्यावर आणि पुन्हा गारठण्याची शक्यता नसेल तेव्हाच, ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवावीत आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

बधिर हात तापलेल्या इंजिनाजवळ किंवा सायलेन्सरवर धरण्याची सवय अनेकांना असते. ती घातक आहे. जाणीव हरपलेल्या बोटाला भाजल्याचे कळत नाही. सुमारे ४४ अंशांचा पृष्ठभागही तासन्‌तास टेकून राहिला तर त्वचेला इजा करू शकतो. मधुमेहामुळे हातांची संवेदना कमी झालेल्यांनी म्हणूनच तापत्या मुठी उघड्या हाताने वापरू नयेत, हातमोजा घालावा आणि उष्णतेची पातळी खालचीच ठेवावी. मद्याचा घोट ऊब देतो, हा आणखी एक भ्रम. मद्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटते, प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जाते. वाहन चालवणाऱ्यासाठी ते निषिद्ध आहे, हे वेगळे सांगायला नको.

या साऱ्याचा व्यवहारी अर्थ एवढाच की, खर्चाचा क्रम ठरलेला असावा. आधी वारा अडवावा, मग छाती-पोट उबदार ठेवावे, त्यानंतर हातमोजे कोरडे राहतील हे पाहावे आणि मग विजेकडे वळावे. शहरात रोज दहा किलोमीटर जाणाऱ्याला पहिल्या दोन पायऱ्या पुरतात. पहाटे लांबचा पल्ला गाठणाऱ्याला किंवा हिमालयात जाणाऱ्याला तापती मूठ खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. आणि इतके करूनही बोटे लिव्हरवर नीट वळेनाशी झाली, तर गाडी रस्त्याच्या कडेला घेणे हाच शहाणपणा. पोहोचायला झालेला अर्ध्या तासाचा उशीर भरून काढता येतो. ब्रेक दाबायला झालेला अर्ध्या सेकंदाचा नाही.